वाय-फायच्या दांड्या फुल, तरी नेट बंद? राउटर रस्ता कसा शोधतो ते दुसरबीडच्या नकाशावर शिकूया

वाय-फायच्या सगळ्या दांड्या भरलेल्या, राउटरवर हिरवा दिवा, आणि तरी यूट्यूबचं चाक आपलं गोल गोल फिरतंय. हा अनुभव कोणाला नाही? मग आपण काय करतो, राउटर बंद करतो, दहापर्यंत आकडे मोजतो, परत चालू करतो. कधी जमतं, कधी नाही.

मित्रांनो, त्या दांड्या फक्त एवढंच सांगतात की तुमचा फोन आणि घरातला राउटर यांचं बोलणं नीट चालू आहे. राउटरच्या पुढे रस्ता आहे की नाही, हे दांड्यांना माहीतच नसतं. तो पुढचा रस्ता शोधायचं, आणि तुटला तर दुसरा पकडायचं काम राउटिंग प्रोटोकॉल करतात. आज तेच समजून घेऊ, आणि ते घरी बसून शिकायचं कसं हेही बघू.

मी दुसरबीडचा. तालुका सिंदखेडराजा, जिल्हा बुलढाणा. हे सगळं गावात बसून, एका जुन्या लॅपटॉपवर शिकलो आणि आता आजूबाजूच्या छोट्या इंटरनेट पुरवठादारांची राउटरची कामं करतो. त्यामुळे उदाहरणं इकडचीच येतील. एक सूचना आधीच: कमांड इंग्रजीतच टाइप कराव्या लागतात, इथे मी त्यांचे उच्चार लिहितोय.

तुमच्या फोनमध्येही रस्त्यांचा तक्ता आहे

फोनमध्ये एक छोटी यादी असते, तिला राउटिंग टेबल म्हणतात. त्यात साधारण दोनच गोष्टी लिहिलेल्या असतात. एक, घरातल्या वाय-फायवरची यंत्रं थेट सापडतील. दोन, बाकी जगातलं काहीही हवं असेल तर ते घरच्या राउटरकडे टाका. या दुसऱ्या ओळीला डिफॉल्ट रूट म्हणतात. फोनला जगाचा नकाशा ठेवायची गरज नाही, कारण त्याच्या घराला दारच एक आहे.

मोठ्या राउटरला मात्र अनेक दारं असतात. एखादं पॅकेट आलं की कोणत्या दाराने काढायचं, हे तो पत्त्यावरून ठरवतो. हे कसं ते पिन कोडवरून पटकन कळेल. आपल्याकडे पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे. कोलकात्यात पत्र टाकलं तर तिथला माणूस दुसरबीड शोधत बसत नाही. सुरुवातीचा ४ बघतो आणि पत्र आपल्या दिशेला लावतो. पुढे कोणीतरी ४४३ बघतो आणि ते आमच्या भागाकडे येतं. पूर्ण सहा आकडे फक्त शेवटच्या टप्प्यात कामाचे. राउटरही तसाच. तक्त्यात एकाच पत्त्याला लागू पडणाऱ्या दोन ओळी असतील, तर ज्या ओळीतले जास्त आकडे जुळतात ती ओळ जिंकते. हा नियम लक्षात ठेवा, पुढे एक मोठा घोटाळा याच नियमाने झालेला दाखवणार आहे.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर फोनवर टर्मक्स हे ॲप घ्या आणि त्यात ट्रेसरूट टाकून चालवा. पहिली ओळ घरच्या राउटरची, बहुतेक १९२.१६८ ने सुरू होणारी. दुसरी बऱ्याचदा १० किंवा १००.६४ ने सुरू होते, तो तुमच्या पुरवठादाराचा आतला भाग. मग पुढचे मुक्काम. मधल्या एखाद्या ओळीवर नुसते तारे दिसले तर लगेच तिथे बिघाड आहे असं समजू नका. काही राउटर पुढे पाठवायचं काम नीट करतात, फक्त अशा चौकशांना उत्तर देत नाहीत. पुढच्या ओळी येत असतील तर रस्ता चालू आहे.

प्रॅक्टिससाठी आपलाच नकाशा घ्या

राउटर विकत घ्यायची अजिबात गरज नाही. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर त्यांच्या नेटवर्किंग अकॅडमीचं खातं उघडलं की फुकट मिळतं. लिनक्स येत असेल तर एफआरआर म्हणजे फ्री रेंज राउटिंग घ्या. ते पूर्ण मोफत आहे आणि खऱ्या नेटवर्कमध्येही वापरतात. सुरुवातीला मी पॅकेट ट्रेसरच सांगेन, कारण त्यात तारा दिसतात आणि माऊसने तोडता येतात.

पुस्तकात राउटरांची नावं आर-वन, आर-टू अशी असतात. ती ठेवू नका. दहा मिनिटांत कोण कुठे आहे ते विसरायला होतं. माझी लॅब अशी आहे: दुसरबीड, सिंदखेडराजा, जालना, मंठा, लोणार. पाच राउटर, गोल जोडलेले. दुसरबीडहून जालन्याला जायचं तर एक वाट सिंदखेडराजावरून, सरळ. दुसरी बिबीकडून लोणार, मग मंठा, मग जालना. लांबची, पण आहे. तुम्ही सांगोल्याचे असा नाहीतर सावंतवाडीचे, आपापली गावं घ्या. फक्त जोडणी गोल ठेवा. गोल नसेल तर शिकण्यासारखं काही घडतच नाही.

पहिल्या दिवशी सगळे रस्ते हाताने लिहा. याला स्टॅटिक रूट म्हणतात. दुसरबीडच्या राउटरला सांगायचं, जालन्याचं काही आलं की सिंदखेडराजाकडे दे. असं पाचही ठिकाणी, जायचं आणि यायचं दोन्ही. कंटाळवाणं आहे, पण करा. आता सिंदखेडराजा आणि जालना यांच्यामधली तार उडवा. दुसरबीड अजूनही पॅकेटं सिंदखेडराजाकडेच ढकलत बसेल, कारण त्याच्या स्वतःच्या दारातली तार शाबूत आहे. पुढे काय झालंय ते त्याला कोणी सांगितलेलंच नाही. लोणारची वाट मोकळी पडलेली, आणि एकही पॅकेट तिकडे जाणार नाही.

राउटरांनी एकमेकांना खबर द्यायची म्हणून तर प्रोटोकॉल आले.

सगळ्यात जुन्यांपैकी एक आरआयपी. दर ३० सेकंदांनी राउटर शेजाऱ्याला आपली यादी वाचून दाखवतो. शेजारी सांगेल ते खरं मानायचं आणि मध्ये किती राउटर लागतात तेवढं मोजायचं. १५ पर्यंत चालतं, १६ म्हणजे पोहोचता येत नाही. याची अडचण अशी की रस्ता किती रुंद आहे हे त्याला कळतच नाही. आमच्या गावाजवळून समृद्धी महामार्ग जातो. थोडं फिरून त्याला लागलं तरी माणूस लवकर पोहोचतो, हे इथल्या कुठल्याही ड्रायव्हरला ठाऊक आहे. आरआयपीला ठाऊक नसतं. तो फक्त मधली गावं मोजतो.

ओएसपीएफ वेगळा. यात प्रत्येक राउटर फक्त स्वतःबद्दल सांगतो, माझ्याकडून या या तारा निघतात आणि त्यांची किंमत इतकी. ही माहिती सगळ्यांकडे जशीच्या तशी पोहोचते. मग प्रत्येकाकडे पूर्ण नकाशा तयार होतो आणि जो तो आपला सगळ्यात स्वस्त रस्ता स्वतः काढतो. रस्ता काढायची ही रीत डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांची. त्यांनी ती १९५६ मध्ये शोधली आणि १९५९ मध्ये छापली, म्हणजे इंटरनेटच्या कितीतरी आधी.

लॅबमध्ये बघा. दुसरबीड ते सिंदखेडराजा तारेची किंमत १० ठेवा, बाकी सगळ्यांची १. सिंदखेडराजावरून जालना म्हणजे १० अधिक १, झाले ११. लोणार-मंठ्यावरून १ अधिक १ अधिक १, झाले ३. मधलं गाव एक जास्त असूनही ओएसपीएफ लोणारवरून जाईल. इथे एक खाच आहे. सिस्कोच्या राउटरवर किंमत मुळात १०० एमबीपीएसला १ या हिशोबाने निघते आणि १ च्या खाली जात नाही. त्यामुळे १०० एमबीपीएसची तारही १ आणि १ जीबीपीएसची तारही १! आजच्या काळात हे चालायचं नाही. ऑटो-कॉस्ट रेफरन्स-बँडविड्थ ही कमांड सगळ्या राउटरांवर सारखीच द्या. एकावर दिली आणि चारांवर नाही, असं नको.

कॉन्फिगरेशन तसं थोडंच आहे. राउटर ओएसपीएफ १, मग नेटवर्क १०.०.०.० ०.२५५.२५५.२५५ एरिया ०. ते उलटं दिसणारं ०.२५५ म्हणजे वाइल्डकार्ड मास्क. शून्य असेल तिथे आकडा जुळलाच पाहिजे, २५५ असेल तिथे काहीही चालेल. एफआरआरमध्ये ही भानगड नाही, तिथे सरळ १०.०.०.०/८ लिहितात. आणि नवीन मुलं नेहमी विचारतात म्हणून सांगतो, ओएसपीएफ पुढचा १ हा त्या राउटरचा खाजगी आकडा आहे, तो समोरच्याशी जुळायची गरज नाही. एरियाचा आकडा मात्र जुळलाच पाहिजे.

आता तोडायला घ्या

खरं शिक्षण इथून सुरू होतं. दुसरबीडवरून जालन्याला पिंग चालू ठेवा आणि लोणार-मंठ्यामधली तार तोडा. एखाद-दोन पिंग जातील आणि गाडी सिंदखेडराजावरून चालू होईल. हे पहिल्यांदा बघताना मजा वाटते.

आता तीच तार दोन स्विचमधून न्या आणि त्या दोन स्विचच्या मधली तार तोडा. या वेळी बराच वेळ पिंग बंद राहील. कारण राउटरच्या दारावरचा दिवा हिरवाच आहे, तार त्याच्या मते ठीक आहे. ओएसपीएफ शेजाऱ्याला साधारण दर १० सेकंदांनी हॅलो म्हणतो. ४० सेकंद उत्तर आलं नाही तेव्हाच शेजारी गेला असं मानतो. गावाकडच्या नेटवर्कमध्ये हे रोजचं आहे, कारण फायबर आणि राउटर यांच्यामध्ये मीडिया कन्व्हर्टरची छोटी डबी असते. फायबर दोन किलोमीटरवर तुटलेलं असतं आणि डबीचा राउटरकडचा दिवा मात्र मजेत चमकत असतो. हॅलोची वेळ कमी करता येते, किंवा बीएफडी नावाची सोय वापरली तर सेकंदाच्या आत कळतं. ती प्रत्येक स्वस्त राउटरमध्ये नसते.

बिघाड शोधायचा माझा क्रम ठरलेला आहे. आधी शो आयपी ओएसपीएफ नेबर. शेजारीच दिसत नसेल तर राउटिंग टेबल बघण्यात काही अर्थ नाही. दोन राउटर थेट जोडलेले असतील तर अवस्था फुल दिसली पाहिजे. एकाच स्विचवर चार-पाच राउटर असतील तर काहींमध्ये टू-वे दिसतं, ते बरोबरच असतं, घाबरू नका. शेजारी अजिबात दिसत नसेल तर तार, पत्ता, मास्क, हॅलोची वेळ, एरिया या ओळीने तपासायचं. आणि त्या दारावर कोणी पॅसिव्ह-इंटरफेस तर लावून ठेवलं नाही ना, तेही. पॅसिव्ह लावलं की राउटर त्या दाराने हॅलो म्हणत नाही.

एक किस्सा सांगतो. ओळखीच्या एका केबलवाल्या दादांचा फोन आला, दोन गावांमधली नवी लाइन लावली, पिंग सुरेख चालतंय पण ओएसपीएफ एक्सस्टार्टवर अडकून बसलंय. पिंग चालतंय म्हटल्यावर दादांनी तार, पत्ता सगळं ठीक धरलं होतं. पण साधं पिंग छोटं असतं. मी म्हटलं, दादा, मोठं पाठवून बघा, १४७२ बाइटचं, आणि तुकडे करायचे नाहीत असं सांगा. १४७२ मध्ये वरची २८ बाइटची वेष्टनं धरली की बरोबर १५०० होतात. ते गेलंच नाही. एका बाजूला एमटीयू १५००, दुसऱ्या बाजूला कोणीतरी कमी करून ठेवलेला. ओएसपीएफचे शेजारी नकाशा द्यायच्या आधी एकमेकांचा एमटीयू बघतात आणि जुळला नाही तर पुढे सरकत नाहीत. दोन्हीकडे सारखा केला, एका मिनिटात फुल. यावर एमटीयू-इग्नोर नावाची कमांडही आहे. ती लावली की ओएसपीएफ गप्प होतं, पण मोठी पॅकेटं मग ग्राहकाच्या फोनवर अडकतात. व्हॉट्सॲपचे मेसेज जातात आणि काही वेबसाइट अर्ध्याच उघडतात, अशा विचित्र तक्रारी येतात. माझं मत विचाराल तर तिला हात लावू नये.

दुसरी गोष्ट जी भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही ती म्हणजे परतीचा रस्ता. दुसरबीडच्या तक्त्यात जालना आहे, पॅकेट जालन्याला पोहोचलंय, तरी पिंग फेल. कारण जालन्याच्या राउटरला दुसरबीडकडे यायची वाट माहीत नाही. संध्याकाळच्या एसटीने गावात पोहोचलात, आणि परतीची गाडी नाही, मग मुक्काम करावाच लागतो. पॅकेटला मुक्काम करता येत नाही, उत्तर तिथेच टाकून दिलं जातं. म्हणून रस्ता नेहमी दोन्ही टोकांकडून तपासायचा. राउटरवरून पिंग करताना सोर्सचा पत्ता ग्राहकाच्या बाजूचा द्यायचा. राउटरच्या स्वतःच्या पत्त्यावरून पिंग चालतं आणि ग्राहकाच्या पत्त्यावरून नाही, असं दिसलं की समजायचं, ग्राहकाच्या पत्त्याकडे परत यायची ओळ पलीकडच्या तक्त्यात नाही.

गावाच्या वेशीबाहेर: बीजीपी

ओएसपीएफ एका मालकाच्या नेटवर्कमध्ये चालतं. जिओ, एअरटेल, गुगल हे वेगवेगळे मालक एकमेकांना रस्ते सांगतात ते बीजीपीने. १९८९ मध्ये दोन इंजिनिअरांनी, याकोव रेख्टर आणि कर्क लॉहीड यांनी, जेवताना कागदी रुमालांवर याचा पहिला आराखडा काढला, असं सांगतात. प्रत्येक मालकाला एक एएस नंबर असतो. लॅबसाठी ६४५१२ ते ६५५३४ मधला कोणताही घ्या, ते खाजगी वापरासाठीच ठेवलेत.

बीजीपी मुळात विश्वासावर चालतो. कोणी म्हणालं हे पत्ते माझ्याकडे आहेत, तर बाकीचे ते मानतात. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब बंद करायला एक रूट टाकला आणि तो चुकून बाहेर पडला. यूट्यूबने स्वतःचे पत्ते /२२ असे मोठ्या गठ्ठ्यात जाहीर केले होते, पाकिस्तानकडून आलेला गठ्ठा /२४ होता. मघाचा पिन कोडचा नियम आठवा. जास्त आकडे जुळले, जगभरचे राउटर तिकडे वळले आणि यूट्यूब जवळपास दोन तास बहुतेक जगाला दिसेना. आपल्याकडेही १६ एप्रिल २०२१ ला व्होडाफोन आयडियाच्या एएस ५५४१० मधून ३० हजारांहून जास्त परके रूट बाहेर पडले होते. आणि ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र तुम्हाला आठवतच असेल. नऊ वाजून गेल्यावर व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, फेसबुक सगळंच गेलं, ते सुमारे सहा तास. देखभालीच्या कामात फेसबुकच्या डेटा सेंटरना जोडणारा कणाच बंद पडला, आणि त्यांच्या डीएनएस सर्व्हरकडे जायचे रस्ते बीजीपीतून मागे घेतले गेले. त्या रात्री किती जणांनी घरचा राउटर बंद-चालू केला असेल!

दोन केबल, एक खड्डा

आता मुख्य गोष्ट. वर जे जे सांगितलं ते सगळं दुसरी वाट असेल तरच कामाचं. आमच्याकडे बऱ्याच गावांत फायबर एकच येतं. पाइपलाइनसाठी नाहीतर रस्ता रुंद करायला जेसीबी लागला की गेलं. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख असो, की दवाखान्यातलं ऑनलाइन काम. अशा वेळी जगातला कुठलाही प्रोटोकॉल काही करू शकत नाही, त्याच्याकडे निवडायलाच काही नाही. भारतनेटची पहिल्या टप्प्यातली जोडणीही तालुक्याकडून गावाकडे झाडाच्या फांद्यांसारखी होती. फांदी तुटली की पुढची पानं गेली. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केलेल्या सुधारित कार्यक्रमात रिंग, म्हणजे गोल जोडणी धरली आहे ती याचसाठी.

पण नुसत्या दोन तारा पुरत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ दोन समुद्री केबल तुटल्या, एसएमडब्ल्यू-४ आणि आयमेवे. दोन्ही मुंबईला येतात. नावं वेगळी, बिलं वेगळी, पण समुद्राची चिंचोळी पट्टी तीच. भारतासह अनेक देशांत नेट मंदावलं. गावातही असंच होतं. पुरवठादार सांगतो आमच्याकडे दोन लाइनी आहेत, आणि दोन्ही एकाच खड्ड्यातून आलेल्या असतात. म्हणून नवीन कनेक्शन घेताना स्पीड आणि ओटीटी विचाराल तेव्हा हेही विचारा: तुमच्या दोन्ही लाइनी कोणत्या रस्त्याने येतात? एक तुटल्यावर दुसरी आपोआप चालू होते की कोणाला फोन करावा लागतो?

मी काम करतो त्यातल्या एका ठिकाणी पहिली लाइन सिंदखेडराजाकडून येते. दुसरी मेहकरकडून आणायची बोलणी चालू आहेत. ती आली की तिची ओएसपीएफ किंमत १०० ठेवणार, म्हणजे पहिली जिवंत असेपर्यंत तिच्यावर काही जाणार नाही. आणि जोडणी झाली की त्याच रात्री, सगळे झोपल्यावर, पहिल्या लाइनची तार मी हाताने काढून बघणार आहे.